बॅटरीला शिव्या देण्याआधी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात तशी पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरंही गावी येतात, आणि मग कोणाला तरी खळ्यातल्या शेडमधली आजोबांची पद्मिनी नाहीतर ॲम्बेसेडर आठवते. ताडपत्री काढतात, धूळ झटकतात, चावी फिरवतात आणि टक्. नुसतं टक्. मग बॅटरीला शिव्या, मग नवी बॅटरी, आणि दोन महिन्यांनी तीपण बसली की मला पत्र. या वेळी टपालात असलीच पत्रं जास्त होती म्हणून चार्जिंग आणि वायरिंगची सगळी एकत्रच घेतोय, कार्बोरेटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा. खाली जे सांगतोय त्याला एक साधा स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प लागेल, म्हणजे बारा व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. तो घरी बनवा, विकत कशाला घ्यायचा. आणि हाताला अंगठी, कडं, घड्याळ असेल तर काढून ठेवा. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा डाग आहे अजून, शिकाऊ होतो तेव्हा पाना लावताना पट्टा बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकदम टेकला होता, दोन सेकंदात लाल झाला.

प्रश्न: भाऊ, आमची ॲम्बेसेडर वडिलांनी घेतलेली, पेट्रोल, डायनॅमोवाली. दिवसा फैजपूर-सावदा करून आलं तर काही नाही, पण रात्री लाइट लावून जळगावहून परत आलो की सकाळी बॅटरी डाऊन. लाल दिवा गाडी उभी असताना पेटतो, पळताना जातो, पण हेडलाइट लावले की पळतानासुद्धा मिणमिणतो. मिस्तरीने आधी बॅटरी बदलली, मग रेग्युलेटर बदलला, आता डायनॅमो बदलू म्हणतो. गाडी ढकली ढकली थकी गऊ, आते काय करू?
— केळीवाला वाचक, यावल

उत्तर: थांबा दादा, डायनॅमोला (बेल्टवर फिरून करंट बनवतो तो, नंतरच्या गाड्यांत त्याच्या जागी अल्टरनेटर) हात लावू देऊ नका अजून. तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे, फक्त ते मिस्तरीने ऐकून घेतलं नाही.

आधी लाल दिव्याचं बघू. लोकांना वाटतं तो दिवा चार्जिंग मोजतो. काही मोजत नाही तो. त्याचं एक टोक इग्निशन स्विचमधून बॅटरीकडे, दुसरं डायनॅमोच्या डी टर्मिनलकडे, बस. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं झालं की करंट वाहायचं कारणच उरत नाही, दिवा विझतो. स्लोवर डायनॅमो जवळपास काहीच काढत नाही, म्हणून उभ्या गाडीत दिवा पेटला, लुकलुकला तर तो दोष नाही, डायनॅमोचा स्वभाव आहे (अल्टरनेटरवाल्या गाडीत मात्र दोष समजा). पण गाडी पळत असताना मिणमिण म्हणजे दोन टोकांत व्होल्ट-दीड व्होल्टचा फरक राहतोय, म्हणजे मधे कुठेतरी करंट अडतोय, आणि हेडलाइट लावल्यावरच होतंय म्हणजे जास्त करंट मागितला की अडतोय. हा काळवंडलेल्या कॉन्टॅक्टचा नाहीतर ढिल्या जोडाचा दोष वाटतो मला. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोच्या आतला फिरता भाग, काही हेडलाइट बघून खराब होत नाही.

तरी मिस्तरीची समजूत काढायची असेल तर डायनॅमोची परीक्षा दहा मिनिटांची आहे. आधी बेल्ट बघा, दोन पुल्यांच्या मधल्या लांब बाजूला अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त दबत असेल तर पुढचं सगळं खोटं येईल. मग डायनॅमोवरच्या दोन वायरी खुणा करून काढा, जाड ती डी, बारीक ती एफ. डायनॅमोचे ते दोन टर्मिनल वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटर डीसीला, वीसच्या वरच्या रेंजला, एक काडी त्या तुकड्याला आणि एक डायनॅमोच्या अंगाला. इंजिन स्लोवर चालू करून अगदी हळू रेस वाढवा. आकडा सरसर चढत वीसच्या आसपास गेला पाहिजे, तोही हजार आरपीएमच्या आसपासच. गेला की रेस सोडा, अजून किती जातंय ही मजा बघत बसू नका, मधे रेग्युलेटर नाहीये, कॉइल जाईल. अर्धा-एक व्होल्टवरच थांबला तर फिल्ड कॉइल, चार-पाचवर अडला तर आर्मेचर, काहीच दाखवलं नाही तर कार्बन (ब्रश) झिजलेत नाहीतर होल्डरमध्ये अडकलेत. कार्बन बदलून गाडी चालू होते आणि लोक अख्खा डायनॅमो भंगारात देतात, माझ्या दुकानामागे असे चार पडलेत, चारही चांगले.

तुमचा डायनॅमो पास होईल असा माझा अंदाज आहे. मग पुढे चला. वायरी परत जोडा, इंजिन चालू, हेडलाइट चालू, मध्यम रेस धरायला कोणाला तरी बसवा, आणि मीटरची एक काडी डायनॅमोच्या डीवर, दुसरी बॅटरीच्या ज्या पोलची वायर बॉडीला (अर्थला) जात नाही त्या पोलवर ठेवा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर. म्हणजे दोघांमधला फरक सरळ दिसतो. अर्धा व्होल्टपर्यंत चालवून घेऊ. त्याच्यावर असेल तर डीवरची काडी एक-एक जोड पुढे सरकवत न्या, डी ते रेग्युलेटरचा डी, मग कटआऊटच्या (रेग्युलेटरच्या डब्यातला, बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणारा स्विच) पलीकडचा ए, मग सेल्फच्या सोलेनॉइडवरचा नट, मग बॅटरीचा क्लॅम्प. ज्या जोडाच्या अलीकडे फरक आहे आणि पलीकडे नाही, तोच चोर. मागच्या वर्षी अशीच एक गाडी आली होती, डीवर १४.१ आणि बॅटरीवर १२.७, आणि सगळा फरक कटआऊटच्या पॉइंटवर खात होता. झाकण उघडलं तर पॉइंट काळे आणि एका कडेला खड्डा. बॅटरीची वायर काढून (हे विसरलात आणि पॉइंट हाताने दाबले तर बॅटरीचा सगळा करंट उलटा डायनॅमोत घुसतो) बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटमध्ये धरून दोनदा ओढली, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, झालं. कानस लावू नका तिथे. तुमचा रेग्युलेटर नवा आहे म्हणता म्हणून पॉइंट चांगले असतील असं धरून बसू नका, नव्या डब्यांच्या ई टर्मिनलची अर्थ वायर बॉडीच्या रंगावर आवळलेली मी कितीदा पाहिलीय. रंगावर अर्थ मिळत नाही, आणि ई ची अर्थ गेली की रेग्युलेटर आंधळा. त्याला डायनॅमो किती काढतोय ते कळतच नाही.

आणि एक हिशोब करून ठेवा. या लुकास धाटणीच्या डायनॅमोची कमाल १९ ते २२ ॲम्पिअर, तीही इंजिन पळत असताना. साठ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे १० ॲम्पिअर, मागचे-पुढचे बारके दिवे दोन, इग्निशन तीन-चार, पावसात वायपर दोन-तीन, त्यात तुम्ही टेप आणि पंखा बसवला असेल तर झालं काम. दोष काढल्यावरसुद्धा जळगावच्या ट्रॅफिकमध्ये रात्री अर्धा तास स्लोवर उभे राहिलात तर बॅटरी खर्चातच जाणार. ते गावी परत येताना मोकळ्या रस्त्यावर थोडंफारच भरून निघतं.

प्रश्न: काका, बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, शेवटच्या काळातली, अल्टरनेटरवाली. मी रोज चालवत नाही, रविवारीच काढते. चार्ज केलेली बॅटरी चौथ्या दिवशी मेलेली असते. चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट दाखवतं म्हणजे चार्जिंग ठीक आहे ना? मग करंट जातो कुठे? दुकानदार म्हणतो उन्हामुळे.
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, मोजून पत्र लिहिणारं माणूस महिन्यातून एखादंच भेटतं, बरं वाटलं. १४.२ उत्तम. १३.८ ते १४.४ च्या मधे असलं की चार्जिंगला दोष द्यायचा नाही.

ऊन भुसावळचं आहे हे खरं, मे महिन्यात तुमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पाणी उडतं, बॅटरीचं आयुष्य कमी होतं, आपोआप उतरतेपण लवकर. पण चांगली बॅटरी चार दिवसांत मरत नाही उन्हाने. कोणीतरी पितंय.

बॅटरी स्वतःच पितेय का ते आधी बघा. पूर्ण चार्ज करा, दोन-तीन तास तशीच ठेवा, मोजा, १२.६ च्या आसपास यायला पाहिजे. मायनसची वायर काढून तीन दिवस ठेवा आणि परत मोजा. १२.५ असेल तर बॅटरी निर्दोष. १२.२ म्हणजे अर्धी गेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपली, आणि वायर काढलेली असताना ती तिथे गेली असेल तर बॅटरीतच घोळ. इथे एक गंमत करून बघा, मीटरची काळी काडी मायनस पोलवर ठेवा आणि लाल काडी बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर, धुळीवर फिरवा. प्लसच्या जवळ नेता नेता मीटर पाच-सहा व्होल्ट दाखवायला लागला तर समजा वर जो ॲसिडचा ओलसर धुळीचा थर बसलाय त्याच्यातूनच बॅटरी चोवीस तास झिरपतेय. आपल्याकडे ही धूळ फार. खाण्याचा सोडा पाण्यात घालून फडक्याने पुसा, बुचं घट्ट लावून, सोडा आत जायला नको. वाळवा, पोलवरची ती पांढरी-हिरवी बुरशी पण काढा आणि वरून व्हॅसलीन.

बॅटरी पास झाली तर गाडीकडे वळा. चावी काढा, दारं बंद, सगळे स्विच बंद. मायनसची वायर काढून वायर आणि पोलच्या मधे टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटला, अगदी मंद जरी, तरी काहीतरी चालू आहे. आता फ्यूज एक-एक करून काढा, ज्या फ्यूजला दिवा विझला ती लाइन. दिवा विझल्यावरही थोडं काही जातंय का ते नीट मोजायला मीटर दहा ॲम्पिअरच्या भोकात लाल काडी घालून तसाच मधे लावा. पन्नास मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर सोडून द्या. तुमच्या गाडीत ना कॉम्प्युटर ना अलार्म, तेव्हा घड्याळ नसेल तर शून्यच यायला पाहिजे खरं. मीटर असा लावलेला असताना चुकून चावी फिरवायची नाही हां, सेल्फला शेकड्याने ॲम्पिअर लागतात, मीटरचा फ्यूज जाईल, फ्यूज नसेल तर मीटर जाईल.

सगळे फ्यूज काढले तरी दिवा पेटतोच असं झालं तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा (आधी बॅटरीची वायर काढून मग तिला हात, ती कायम जिवंत असते, आणि काढल्यावर टोकाला टेप गुंडाळा). दिवा विझला म्हणजे अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारी झडप समजा) गळतोय. १४.२ दाखवणारा अल्टरनेटरसुद्धा हे करू शकतो, म्हणून तुमचं चार्जिंग ठीक असूनही मी त्याला सोडत नाही. याची देशी परीक्षा अशी, रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर पहाटे हात लावून बघा, इंजिन थंडगार आणि तो कोमट असेल तर पकडला. दुकानात डायोड प्लेट बदलून मिळते, अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज नाही.

पण पैज लावायची तर मी डिकीच्या दिव्यावर लावेन. पाच वॉटचा बल्ब म्हणजे ०.४ ॲम्पिअर, दिवसाला दहा ॲम्पिअर-तास, आणि तुमची बॅटरी चाळीसची असेल तर बरोब्बर चौथ्या दिवशी खलास. डिकी बंद केल्यावर दिवा विझतो की नाही कसं बघायचं? मोबाइलचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि बंद करा. एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या पोराला बसवलं होतं आत, तसलं काही करू नका.

प्रश्न: दादा, माझी डिझेल जीप जुनी महिंद्रा आहे. सेल्फ मारला की कधी उठते, कधी नुसती कुंथते. परवा तर सेल्फ मारताना स्टॉपच्या (इंजिन बंद करायच्या) केबलमधून धूर निघाला, केबल हाताला चटका बसेल इतकी गरम. मिस्तरी म्हणे सेल्फ गेला. डॅशबोर्डवरचा ॲम्पिअर मीटरचा काटापण थरथरतो.
— वाचक, शहादा

उत्तर: सेल्फ नाही गेला. इंजिनाची अर्थ गेलीय. मिस्तरीला सांगा धूर बोलतोय, ऐक.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसिसला एक विणलेली जाड पट्टी असते. ती गंजून तुटली, किंवा इंजिन उतरवून बसवताना कोणी लावलीच नाही, की सेल्फचा सगळा करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो, आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारं लोखंडी काय उरतं? स्टॉपची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. त्या बिचाऱ्या बारीक तारेतून दोनशे ॲम्पिअर, मग धूर नाही निघणार तर काय. पेट्रोल गाड्यांत हेच चोकच्या केबलला होतं.

मोजायचं असेल तर एक काडी बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या जागेवर, आणि सेल्फ मारा. चांगल्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या आत, तुमच्याकडे दोनाच्या वर येईल. अशीच प्लस पोल ते सेल्फचा स्टड पण मोजून घ्या, तीपण अर्ध्याच्या आत. आणि सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन पोलमधलं व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तरच बॅटरीचं नाव घ्या. पट्टी नवी, दोन्ही टोकांना धातू चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मग वरून ग्रीस. आधी ग्रीस नाही. पहिलं काम हे करा, मोजताना क्षणभर मारला तेवढा सोडून तोवर सेल्फ मारू नका, त्या केबलच्या शेजारून डिझेलची पाइप जात असेल तर काय होईल ते सांगायला नको.

काट्याची थरथर वेगळी. या जीपांमध्ये चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवर येऊन ॲम्पिअर मीटरमधून परत जातो, त्याच्या मागचे दोन नट रस्त्याच्या धक्क्यांनी ढिले होतात. बॅटरी काढून मागे हात घाला, वायरची लग (टोकाची कडी) निळसर-तपकिरी पडली असेल किंवा तिच्याजवळचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं असेल तर गरम होतेय. तेवढं टोक कापून नवी लग, क्रिम्प करून. नुसता नट आवळून सोडू नका.

प्रश्न: डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का? फियाट ११०० आहे. ओरिजिनलपणा जाईल का?
— वाचक, नंदुरबार

उत्तर: गाडी प्रदर्शनाला नेणार असाल तर नको. तोरणमाळला कुटुंबासकट न्यायची असेल तर बसवा, आणि डायनॅमो तेल लावून पोत्यात गुंडाळून ठेवा, विकू नका. गाडी निगेटिव्ह अर्थ आहे ना ते स्वतः बघून खात्री करा, काही जुन्या विलायती धाटणीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो, आणि अल्टरनेटरला उलटी बॅटरी लागली की डायोड त्याच क्षणी जातात. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून 'बघ चार्ज करतोय का' ही जी आपल्याकडची परीक्षा आहे ती डायनॅमोवर निभून गेली, अल्टरनेटरवर केली तर तेच, डायोड. जुनी मेन वायर वीस-बावीस ॲम्पिअरच्या हिशोबाची आहे, पस्तीसचा अल्टरनेटर लावला तर अल्टरनेटर ते बॅटरी नवी जाड वायर, सहा स्क्वेअर एमएमच्या खाली नको.

आणि लाल दिवा. डायनॅमोला त्याची गरज नव्हती, लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो स्वतः जागा होतो. अल्टरनेटर बहुतेक वेळा त्या दिव्यातून येणाऱ्या करंटवरच जागा होतो. हे मला माहीत होतं तरी एकदा मी माती खाल्लीय. एकाचा अल्टरनेटर तीनदा खोलला, कार्बन बदलले, रेग्युलेटर बदलला, चार्जिंग येईना, जोरात रेस दिली की मगच यायचं. चौथ्या दिवशी त्याचं पोरगं सहज म्हणालं, काका डॅशबोर्डला सगळे एलईडी टाकले, मस्त दिसतात ना? दोन-तीन वॉटचा साधा बल्ब परत लावला, स्लोवरच चार्जिंग सुरू. पैसे मागायची लाज वाटली मला.

प्रश्न: कन्नड घाटात रात्री दिसत नाही म्हणून पद्मिनीला १००/९० चे हॅलोजन टाकले. आता लाइटचा स्विच गरम होतो आणि वास येतो. उजेडपण म्हणावा तसा नाही. — वाचक, चाळीसगाव

उत्तर: काढा ते आधी. दोनशे वॉट म्हणजे सोळा-सतरा ॲम्पिअर त्या बिचाऱ्या जुन्या स्विचमधून. हेडलाइटच्या कपलरवर मोजा, बॅटरीवर १३.८ आणि कपलरवर ११.५ येईल, उजेड तिथेच गेला, व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तिसऱ्या हिश्श्याने पडतो. साधे ६०/५५ टाका, आणि दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), एक हाय एक लो. बॅटरीकडून फ्यूज घालून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला, ८७ हेडलाइटला, जुनी हेडलाइटची वायर ८६ ला, ८५ अर्थ. जुन्या स्विचवर मग फक्त रिलेच्या कॉइलचा भार. साठ वॉट पूर्ण व्होल्टेजवर शंभर वॉट उपाशीपेक्षा जास्त उजेड देतात, समोरच्या ट्रकवाल्याच्या शिव्यापण वाचतात.

प्रश्न: डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवापण त्याच्यासोबत लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो. भूत आहे का? — वाचक, एरंडोल

उत्तर: मागच्या डाव्या लॅम्पची अर्थ. होल्डर जिथे बॉडीला बसतो तिथे गंज, मग इंडिकेटरचा करंट टेल लॅम्पच्या बल्बमधून उलटा परत जातो. होल्डरपासून चांगल्या अर्थपर्यंत एक वायर हाताने धरून बघा, भूत जाईल.

प्रश्न: माझ्याकडे १९८४ ची पद्मिनी आहे. कापसाच्या गोदामात होती, उंदरांनी बऱ्याच वायरी खाल्ल्या आहेत. आधीच्या मालकाने जागोजागी लाल वायर जोडून टेप गुंडाळलेली आहे, कुठली कुठे जाते कळत नाही. काही दिवे कधी लागतात, कधी नाही. पूर्ण वायरिंग नवी करावी का?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर: सर, एकदम पूर्ण नको. अख्खी वायरिंग एका दिवसात उपटली की गाडी वर्षभर शेडमध्ये पडते, हे मी अनुभवाने सांगतो, नंतर मिस्तरीला आठवत नाही आणि मालकाचा उत्साह संपतो. एकेक सर्किट घ्या.

आधी फ्यूज. तुमच्या गाडीत ते चिनी मातीच्या गोळीसारखे फ्यूज असतील, दोन्ही टोकं निमुळती, पितळी चिमट्यात बसलेले. 'कधी लागतात, कधी नाही' याचा पहिला संशय त्यांच्यावर. दिवा चालू ठेवून फ्यूज अंगठ्याने चिमट्यातल्या चिमट्यात गोल फिरवा, करकर आवाज येईल आणि दिवा एकदम लख्ख झाला तर टोकांवर गंजाची साय चढली होती. चिमटे घासा, थोडे आवळा, फ्यूज नवे घ्या, त्यांचा भाव तो काय. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळलेली सापडली तर ती मला पाठवा, माझ्याकडे संग्रह आहे.

मग त्या लाल वायरी. मूळ वायरिंगला रंगांची शिस्त असते, आधीच्या मालकाने एकाच बंडलमधून सगळं केलंय, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवून काही कापू नका. बॅटरी काढा, मीटर बीप करणाऱ्या खुणेवर ठेवा, एका टोकाला एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी, सापडली की दोन्ही टोकांना कागदी टेपवर नाव लिहून चिकटवा, आणि मोबाइलवर फोटो. कंटाळवाणं काम आहे, पण तुम्ही वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात, तुम्हाला जमेल.

उंदरांनी खाल्लेली वायर बाहेरून दिसते तेवढीच खराब नसते. साल गेली की आतलं तांबं हवेने काळं पडतं, आणि तो काळेपणा सालीच्या आत बोटभर-वीतभर जातो. सोलून बघा, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, नाही लागलं तर ती वायर पूर्ण बदला. पीळ देऊन टेप लावायची नाही, आपल्या उन्हात ती टेप दोन उन्हाळ्यांत चिकट काकवी होते आणि जोड उघडा पडतो. क्रिम्प करा नाहीतर झाळ मारा, वरून उष्णतेने आकसणारी नळी. घरगुती वायर वापरू नका, तिच्या तारा कमी आणि जाड असतात, इंजिनाच्या थरथरीने टर्मिनलजवळ आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. गाडीची वायर बारीक तारांची मिळते, हेडलाइटला अडीच स्क्वेअर एमएम, बारक्या दिव्यांना एक. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून वायर जाते त्या भोकातलं रबर बघा, कडक होऊन गळून पडलं असेल तर पत्र्याची धार वायर कापत बसलेली असते. रबर स्वस्तात मिळतं, पण ते नसल्याने मी एक अख्खी गाडी जळालेली पाहिलीय.

मागच्या दिव्यांची वायर खांबातून आणि छताच्या कापडाच्या आतून गेलेली असेल तर जुनी ओढून काढू नका. तिच्या टोकाला नवी बांधा, जोडावर टेपचा निमुळता शेपूट करा, थोडी पावडर लावा, आणि एकाने ओढायचं, एकाने सरकवायचं. जुनी आधी उपटलीत तर मग सायकलच्या स्पोकने आतल्या आत चाचपडत अख्खी दुपार जाते, आणि अमळनेरची दुपार कशी असते ते मी तुम्हाला काय सांगू.